कॅम्पसमधला पार्किंग परवाना: कुणाला मिळतो, कागद कोणते लागतात

परवाना मिळाला म्हणजे जागा मिळाली, असं नाही. विद्यापीठाचा पार्किंग परवाना म्हणजे ठरावीक भागात गाडी लावायची मुभा. सगळे परवानाधारक एकाच वेळी येत नाहीत, म्हणून परवाने बहुधा जागांपेक्षा जास्तच वाटलेले असतात. हे आधीच माहीत असलं की सकाळी अकराला चिडचिड कमी होते.

नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, पण रोख साधारण एकच. प्राध्यापक, कर्मचारी आणि लांबून ये-जा करणारे विद्यार्थी यांना प्राधान्य. वसतिगृहातले, पहिल्या वर्षाचे आणि चालत येण्याजोग्या अंतरावर राहणारे यांचे अर्ज मागे पडतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर इमारतीजवळच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येतो. ते प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी जोडा.

ओळखपत्र, लायसन्स, आरसी, विमा हे कागद नेहमीचेच. गाडी आईवडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र ठेवा. खरी मेख आहे पत्त्याच्या पुराव्यात. अंतर त्यावरूनच मोजतात, त्यामुळे मूळ गावचा नाही, सध्या राहता तिथलाच पत्ता द्या. भाडेकरार चालतो का, तेवढं विचारून घ्या.

‘कारण’ या रकान्यात लोक ‘गाडी आवश्यक आहे’ एवढंच लिहून मोकळे होतात. अर्ज तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिकल साडेनऊला सुटतं, शेवटची बस नऊला जाते’ असं लिहा आणि सोबत वेळापत्रक जोडा.

भाग निवडताना सगळे ग्रंथालयाजवळचा मागतात. नियोजन करणारे दर तासाला गाड्या मोजतात, आणि 85 ते 90 टक्के जागा भरल्या की तो भाग भरला असंच धरतात. त्यापुढे गाड्या नुसत्या घिरट्या घालतात. दुसरा पर्याय कडेच्या मैदानाचा द्या. दहा मिनिटं चालावं लागेल, पण जागा मिळेल.

कार्यालय हात आखडता घेतं त्याला कारण आहे. एका गाडीचा चौकोन साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, पण मधला रस्ता धरला तर 25 ते 30 चौरस मीटर जातात. म्हणजे दोन गाड्यांत एक छोटा वर्ग गेला! म्हणून अनेक ठिकाणी याच अर्जात बसपास किंवा कारपूलचा पर्याय असतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने 1991 मध्ये ‘यू-पास’ ही बसपासची योजना सुरू केली, तेव्हा पार्किंगचे दर वाढवून त्यातला काही पैसा बसपासकडे वळवला. कारपूलच्या अर्जात बहुधा एकाच परवान्यावर सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर चढतात. सगळ्यांची आरसी लागते.

प्रतीक्षा यादीत नाव लागलं तर अर्ज मागे घेऊ नका. सत्र सुरू झाल्यावर वेळापत्रकं बदलतात, परवाने परत येतात. ईमेल मात्र रोज बघा, कारण होकार कळवायला दोन-तीन दिवसच मिळतात. आणि मध्येच गाडी बदलली तर नवा नंबर त्याच दिवशी कळवा. गेटवर कॅमेरा असेल तर तो तुमचा चेहरा ओळखत नाही, नंबरप्लेट वाचतो.