आर्केक आणि ऑब्सोलीट: डिक्शनरीतली ही दोन लेबलं एकच नाहीत

इंग्लिश डिक्शनरीत जुन्या शब्दापुढे कधी आर्केक लिहिलेलं असतं तर कधी ऑब्सोलीट, आणि आपण दोन्हीला सरसकट जुना शब्द म्हणून मोकळे होतो. जुनं इंग्लिश वाचणाऱ्यांनी तरी असं करू नये, फरक मोठा आहे.

आर्केक म्हणजे रोजच्या बोलण्यातून गेलेला, पण लोकांना अजून कळणारा आणि ठराविक जागी मुद्दाम वापरला जाणारा. ऑब्सोलीट म्हणजे पार गेलेला, आजच्या इंग्रजालाही अर्थ सांगावा लागेल असा. मेरियम वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीने तर सरळ रेघच मारलीय, १७५५ नंतर वापराचा पुरावा नसेल तर तो ऑब्सोलीट. (सॅम्युअल जॉन्सनची डिक्शनरी १७५५ चीच.) ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत अशा शब्दाला खंजिराची खूण असते.

आर्केकचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे दाऊ, दी, दाय (thou, thee, thy). चर्चमधल्या प्रार्थनेत, १६११ च्या बायबलमधे, जुन्या कवितेत हे सगळीकडे भेटतात आणि ऐकणाऱ्याला अडत नाही. पण एक गैरसमज फार पसरलाय, की दाऊ म्हणजे काहीतरी भारदस्त, आदराचं. उलट आहे! दाऊ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझं. एकाच माणसाला, त्यातही जवळच्याला किंवा खालच्याला म्हणायचं ते दाऊ, आणि यू हे अनेकांसाठी आणि आदरासाठी, मग हळूहळू यू ने सगळीच जागा घेतली. बायबलमधे देवाला दाऊ म्हटलंय त्यात आदरार्थी काही नाही, आपण विठ्ठलाला तू म्हणतो त्यामुळे हे आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर पटेल असं मला वाटतं. आणि जुना बाज आणायला लोक दाऊ हॅथ लिहितात ते चूक आहे, दाऊ हॅस्ट (तुझ्याकडे आहे) आणि ही हॅथ (त्याच्याकडे आहे), दोन्ही हॅवचीच जुनी रूपं. आर्केक शब्दाला त्याचं व्याकरण अजून शाबूत आहे म्हणूनच ही चूक पकडता येते.

आता ऑब्सोलीट. विल्यम कॅक्स्टन, इंग्लंडमधे छपाई आणणारा, त्याने १४९० मधे एक प्रसंग लिहून ठेवलाय. थेम्सवर वारा नाही म्हणून काही व्यापारी अडकले, किनाऱ्यावर उतरून एकाने एका बाईकडे एग्ज मागितली तर ती म्हणाली मला फ्रेंच येत नाही, तो चिडला कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं, शेवटी दुसरा म्हणाला आयरेन हवीत, तेव्हा तिला कळलं. दोन्ही म्हणजे अंडीच. आयरेन हे मूळचं इंग्लिश, एग हे नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांकडून आलेलं, आणि टिकलं ते बाहेरचं. आज आयरेन म्हटलं तर लंडनमधेही कोणाला अंडी आठवणार नाहीत, याला म्हणतात ऑब्सोलीट. निम म्हणजे घेणे, त्याचंही तसंच, नॉर्समधून आलेल्या टेक ने त्याला हुसकावलं, निंबल आणि नम्ब या शब्दांत फक्त त्याची खूण उरलीय.

खरी गंमत पुढे आहे, लेबल नुसत्या शब्दालाच नाही तर अर्थालाही लागतं. नाइस एकेकाळी मूर्ख या अर्थाने वापरायचे, तो अर्थ ऑब्सोलीट, शब्द मात्र दिवसात पन्नासदा आपल्याच तोंडात. लेट चा अडथळा हा अर्थ आर्केक आहे, आणि तो आपल्या भारतीय पासपोर्टवर छापलेला आहे, विदाउट लेट ऑर हिंड्रन्स, म्हणजे धारकाला अडथळ्याशिवाय जाऊ द्यावं. परवानगी देणे वाला लेट मुळात वेगळाच शब्द, उच्चार एक झाले आणि घोळ झाला.

फार्दिंग सारखे शब्द मात्र या दोन्हीत टाकू नका. पाव पेनीचं ते नाणं १९६० च्या शेवटी चलनातून गेलं, पण त्या नाण्याला आजही फार्दिंगच म्हणतात. वस्तू गेली, शब्द नाही, त्याला हिस्टॉरिकल हे वेगळं लेबल आहे.

ऐतिहासिक कथा इंग्लिशमधे लिहिणार असाल तर आर्केक शब्द खुशाल वापरा, वाचक सोबत येतो, ऑब्सोलीट वापरलात तर तळटीप द्यावी लागेल. आणि आर्केक बघायला लांब जायची गरज नाही, इंग्लिशमधलं खरेदीखत काढून बघा, नाऊ धिस डीड विटनेसेथ (हे खत साक्ष देतं की) असं बऱ्याचदा सापडेल, त्यातलं शेवटचं एथ तेच जे हॅथ मधे आहे.