ईनम : दूरध्वनी क्रमांकावरून व्हिडिओ कॉलचा मार्ग

ईनम : दूरध्वनी क्रमांकावरून इंटरनेटवरील व्हिडिओ किंवा ध्वनी कॉलचा पत्ता डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीत, शोधण्याची पद्धत. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या आरएफसी २९१६ या दस्तऐवजात (सप्टेंबर २०००) ती पॅट्रिक फाल्टस्ट्रॉम यांनी मांडली. तिची जागा २००४ मध्ये आरएफसी ३७६१ ने आणि २०११ मध्ये आरएफसी ६११६ ने घेतली.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. कार्ल मालामुड आणि मार्शल रोझ यांनी १९९३ मध्ये ईमेलचा मजकूर दूरच्या फॅक्स यंत्रावर छापण्याचा प्रयोग केला. त्यात फॅक्स क्रमांकाचे आकडे उलटे लिहून टीपीसी.इंट या डोमेनखाली ठेवले होते. म्हणून काहीजण ईनमचा जन्म तिथे मानतात. पण उलटे लिहिण्याची रीत त्याहून जुनी आहे. आयपी पत्त्यावरून नाव शोधताना पत्त्याचे भाग उलटवणे १९८७ च्या डीएनएस मानकांतही आहे. ईनमचे खरे वैशिष्ट्य, एका क्रमांकाखाली अनेक सेवा पसंतीक्रमाने नोंदवण्याची सोय, डीएनएसमधील नॅपटर या नोंदप्रकाराने आले. तेव्हा १९९३ ला पूर्वपीठिका आणि २००० ला आरंभ म्हणणे अधिक रास्त वाटते.

आकडे उलटवावे का लागतात, हे पाकिटावरचा पत्ता पाहिला की लगेच उमगते. घर क्रमांक, सदाशिव पेठ, पुणे, भारत असे आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. डीएनएसमधील नावही तसेच वाचले जाते. दूरध्वनी क्रमांक मात्र देश, शहर, ग्राहक असा मोठ्याकडून लहानाकडे येतो. समजा, गणेशखिंडीतील एखाद्या संस्थेच्या सभागृहाला ०२०-१२३४५६७८ हा काल्पनिक क्रमांक दिला. आरंभीचे शून्य देशांतर्गत डायलिंगचे, आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा भाग नव्हे. ते काढून ९१ जोडायचे. मग आकडे उलटवून शेवटी ईनमचे मूळ डोमेन ई१६४.अर्पा लावले की नाव बनते ८.७.६.५.४.३.२.१.०.२.१.९.ई१६४.अर्पा. शून्य काढायचे राहिले तर नावच चुकते आणि शोध रिकाम्या हाताने परततो. नवख्याची चूक बहुधा इथेच होते, कारण पुण्याच्या कोडमध्ये दोन शून्ये आहेत आणि दुसरे ठेवायचे असते. पुण्याचा जुना कोड ०२१२ होता. तो अजून चालू असता तर नावातील शहराचा भाग २.१.२ असा आला असता.

प्रत्येक आकड्यानंतर टिंब असल्याने व्यवस्थापन कुठल्याही आकड्यापाशी दुसऱ्याकडे सोपवता येते. तत्त्वतः ०.२.१.९ पासून खालचा सगळा भाग, म्हणजे पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडही, एका विभागाकडे देता येईल.

त्या नावाखालच्या नॅपटर नोंदीत क्रम, पसंती, सेवेचे नाव आणि क्रमांकाचा पत्ता करण्याचा नियम असतो. सेवा ‘ई२यू+सिप’ असेल तर उत्तरात सिप (इंटरनेटवर कॉल जोडण्याची पद्धत) पत्ता येतो. जुन्या संचांसाठी एच.३२३ या आधीच्या कॉल-पद्धतीचीही तरतूद आहे. सिप पत्त्यातील डोमेनचा सर्व्हर पुन्हा डीएनएसमधूनच शोधतात (आरएफसी ३२६३, २००२). चित्र जाणार की फक्त आवाज, हे मात्र डीएनएस ठरवत नाही. ते कॉल जोडताना दोन्ही संच एकमेकांना सांगतात. नोंद मिळाली नाही तर कॉल बहुधा गेटवेतून (दोन जाळी जोडणाऱ्या यंत्रातून) साध्या टेलिफोन जाळ्यात जातो, आणि तिथे चित्र गळून पडते.

व्हिडिओच्या बाबतीत या पद्धतीची गरज अगदी हातातल्या वस्तूपासून सुरू होते. सभागृहातील दूरदृश्य संवाद संचाच्या रिमोटवर आकड्यांची बटणे असतात. त्यावर नाव, मग @ आणि डोमेन टाइप करणे म्हणजे बैठकीची दहा मिनिटे घालवणे. क्रमांक मात्र झटकन दाबता येतो. त्यामुळेच संशोधन आणि शिक्षण जाळ्यांनी एनआरईनम.नेट हे स्वतंत्र ईनम झाड (नावांची उतरंड) उभे केले. त्याचे समन्वयन युरोपातील टेरेना आणि पुढे जेआंट या संस्थेकडे होते.

सार्वजनिक ईनमचे मूळ डोमेन .अर्पाखाली असावे की .इंटखाली, हा वाद बराच गाजला. शेवटी ई१६४.अर्पा राहिले, त्याचे तांत्रिक काम इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या राइप एनसीसी या संस्थेकडे असून देशाच्या कोडची मागणी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या संमतीने मार्गी लागते. ऑस्ट्रियाने २००४ च्या अखेरीस व्यावसायिक सेवा सुरू केली. पण सार्वजनिक ईनम सर्वत्र रुजले नाही. त्याचे कारण तंत्रात शोधण्यापेक्षा दोन प्रश्नांत शोधावे: क्रमांक खरोखर नोंद करणाऱ्याचाच आहे हे कोण तपासणार, आणि ग्राहकाचे पत्ते उघड्यावर का ठेवायचे? पुण्याच्या आठ आकडी क्रमांकांचे गणिती क्षेत्र जेमतेम १० कोटींचे. यंत्राने ते ओळीने चाळणे अवघड नाही.

बंद जाळ्यांत मात्र ईनम टिकले. आयएमएस या मोबाईल जाळ्यांतील कॉलच्या मानकांनुसार ४जी जाळ्यावर मोबाईल क्रमांक फिरवून व्हिडिओ कॉल केला की कंपनीची यंत्रणा आपल्या अंतर्गत ईनममधून सिप पत्ता काढते. बाहेरच्याला ती नोंद दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप्स क्रमांक वापरतात, पण तो स्वतःच्या यादीत शोधतात, डीएनएसमध्ये नाही. भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाईल क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते, त्यामुळे सुरुवातीच्या आकड्यांवरून आता कंपनी ओळखता येत नाही. ही पोर्टेबिलिटीची माहितीही ईनम नोंदीत ठेवण्याची सोय आरएफसी ४७६९ ने २००६ मध्येच केली आहे.