‘टू फ्यू पॅरामीटर्स’: ॲक्सेसची क्वेरी कोडमधून चालवताना

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये सेव्ह केलेल्या क्वेरीवर डबल-क्लिक केले की ती सुरळीत चालते. तीच क्वेरी व्हीबीए (ॲक्सेसची प्रोग्रामिंग भाषा) कोडमध्ये ओपनरेकॉर्डसेटने उघडली की ३०६१ क्रमांकाची एरर येते: ‘टू फ्यू पॅरामीटर्स. एक्स्पेक्टेड १.’ (पॅरामीटर कमी पडले, १ हवा होता). आमच्याकडून घेतलेल्या डेटाबेसमध्ये स्वतः कोड लिहिणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

डबल-क्लिक करता तेव्हा मध्ये ॲक्सेस असते. क्रायटेरियात (क्वेरीच्या अटीत) फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्सचे नाव असेल तर त्यातली व्हॅल्यू ॲक्सेसच आणून देते. कोडमधून डीएओ (डेटाबेस इंजिनशी थेट बोलणारी लायब्ररी) वापरले की क्वेरी थेट डेटाबेस इंजिनकडे जाते आणि इंजिनला तुमचा फॉर्म ठाऊकच नसतो. जे नाव त्याला ओळखता येत नाही, ते त्याच्या लेखी पॅरामीटर, म्हणजे बाहेरून व्हॅल्यू मिळायला हवी असे नाव. एररमधला शेवटचा आकडा म्हणजे व्हॅल्यू न मिळालेल्या अशा नावांची संख्या.

म्हणूनच साध्या चुकीलाही हीच एरर येते. फील्डचे नाव ‘बिलतारीख’ असताना क्वेरीत ‘बिलतारिख’ पडले, किंवा ‘रोख’ हा मजकूर अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तरी ३०६१. कोड बदलण्याआधी क्वेरीडेफच्या (सेव्ह केलेली क्वेरी कोडमध्ये हाताळायचे ऑब्जेक्ट) पॅरामीटर्सवर लूप फिरवून प्रत्येकाचे नाव डीबग.प्रिंटने छापा आणि कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो पाहा. दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळते.

नावे बरोबर असतील तर त्याच लूपमध्ये प्रत्येक पॅरामीटरची व्हॅल्यू इव्हॅल(नाव) अशी भरा. त्या वेळी फॉर्म उघडा हवा. ‘तारीख द्या’ अशा प्रश्नवजा पॅरामीटरला मात्र इव्हॅल चालत नाही, त्याची व्हॅल्यू थेट द्या. पुढची पायरी हमखास चुकते: रेकॉर्डसेट त्याच क्वेरीडेफवरून उघडायचा. व्हॅल्यू क्वेरीडेफला दिल्या आणि रेकॉर्डसेट करंटडीबीवरून (चालू डेटाबेसचे ऑब्जेक्ट) क्वेरीच्या नावाने उघडला, तर भरलेले सगळे वाया जाते आणि एरर तशीच राहते.

तारखांचा घोळ जास्त धोकादायक, कारण एरर येतच नाही. एसक्यूएलच्या (क्वेरीची भाषा) ओळीत #०५/०४/२०२४# जोडले की इंजिन महिना आधी वाचते आणि ५ एप्रिलऐवजी ४ मे धरते. #२५/०४/२०२४# मध्ये २५ वा महिना नसल्याने ते गुपचूप २५ एप्रिल समजते. त्यामुळे १३ तारखेपासून पुढे सगळे ठीक दिसते आणि १२ पर्यंतच्या नोंदी चुकतात. तारीख ओळीत जोडूच नका. क्वेरीच्या सुरुवातीला पॅरामीटर्स विधानात तिचा प्रकार डेटटाइम असा जाहीर करा आणि व्हॅल्यू डेट प्रकारच्या व्हेरिएबलमधून द्या. क्रॉसटॅब क्वेरीत (ओळी-स्तंभांत बेरजा मांडणारी क्वेरी) तर पॅरामीटर असे जाहीर करावेच लागतात.

एररही नाही आणि एकही ओळ नाही? टेक्स्टबॉक्स रिकामा असेल. त्यातून नल (व्हॅल्यूच नाही अशी स्थिती) येतो, आणि ‘= नल’ ही तुलना कधीच खरी ठरत नाही. रिकाम्याचा अर्थ ‘सगळे दाखवा’ असा हवा असेल तर क्रायटेरियात ‘किंवा पॅरामीटर इज नल’ ही अट जोडा.

डीएओऐवजी एडीओ ही दुसरी लायब्ररी वापरत असाल तर पॅरामीटर नावाने नव्हे, क्रमाने जुळतात. एसक्यूएलमध्ये प्रश्नचिन्हे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने अपेंड करा. लाइकमध्येही (नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधताना) तिथे * ऐवजी % लागते.

तरीही अडले तर आम्हाला एररचा क्रमांक, एसक्यूएल व्ह्यूमधला पूर्ण मजकूर आणि इमिजिएट विंडोत छापलेली नावे पाठवा. नुसत्या स्क्रीनशॉटवरून कारण सापडत नाही.