तोतोरो : चित्रपटातील संगीत व गाणी

‘तोनारी नो तोतोरो’ (शेजारचा तोतोरो) हा हायाओ मियाझाकी यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला जपानी अॅनिमेशनपट १६ एप्रिल १९८८ रोजी प्रदर्शित झाला. निर्मिती स्टुडिओ जिब्लीची, संगीत जो हिसाईशी (जन्म १९५०) यांचे. सुरुवातीचे ‘सान्पो’ (फेरफटका) आणि अखेरचे ‘तोनारी नो तोतोरो’ ही यातली दोन मुख्य गाणी. दोन्ही आझुमी इनोउए यांनी गायिली आहेत. १९८६ साली याच दिग्दर्शक-संगीतकार जोडीच्या आधीच्या चित्रपटाचे शेवटचे गाणेही इनोउए यांनीच गायिले होते.

आई दवाखान्यात आहे, म्हणून सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात आणि जवळच्या रानात त्यांना तोतोरो हा मोठा, केसाळ वनजीव भेटतो. कथेत खलनायक नाही की लढाई नाही. त्यामुळे प्रेक्षकाला धाकात ठेवण्याचे पार्श्वसंगीताचे नेहमीचे काम येथे जवळजवळ उरतच नाही, आणि गाण्यांना ऐसपैस जागा मिळते.

हिसाईशी आणि मियाझाकी यांची कामाची रीत १९८४ च्या ‘नौशिका’ या चित्रपटापासून ठरून गेलेली होती. चित्रपट तयार होण्याआधीच, दिग्दर्शकाने लिहून दिलेल्या टिपणांवरून संगीतकार एक स्वतंत्र ‘इमेज अल्बम’ करतो. पुढे त्यातल्याच चाली फुलवून किंवा मोडून पार्श्वसंगीत बांधले जाते. तोतोरोचा असा अल्बम १९८७ मध्ये आला. नुसत्या वाद्यसंगीताऐवजी तो गाण्यांचा संग्रह होता, हे त्याचे वेगळेपण. मुलांना तोंड भरून, आवाज मोकळा सोडून गाता येतील अशी गाणी मियाझाकींना हवी होती. जुन्या घरात राहणारे काजळीचे जिवंत गोळे, मांजराच्या रूपातली बस, आई, हरवलेले मूल अशा विषयांवर त्यात गाणी आहेत. ‘छोटासा फोटो’ हे गाणे तर हिसाईशींनी स्वतःच गायिले आहे. यातली बरीच गाणी शब्दांसह चित्रपटात आलीच नाहीत.

शब्दांसाठी रिएको नाकागावा (१९३५–२०२४) यांची निवड झाली, आणि ‘सान्पो’चे निम्मे यश त्या निवडीत आहे. नाकागावा पाळणाघरात शिक्षिका होत्या. ‘गुरी आणि गुरा’ या दोन उंदरांच्या त्यांच्या चित्रपुस्तकांवर जपानमधल्या कित्येक पिढ्या वाढल्या. चालायला मला आवडते, चला पुढे जाऊ, एवढाच या गाण्याचा आशय. बाकी सारी वाटेतली यादी : चढण, बोगदा, गवताळ माळ, एका ओंडक्याचा साकव, खडबडीत खडीची वाट, कोळी किड्याच्या जाळ्याखालून वाकून जाणे. भूगोलाच्या पुस्तकात ही वाट सापडणार नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून मात्र ती अशीच दिसते. आरंभी बॅगपाइपसारखा सूर लागतो आणि लगेच कवायतीचा ठेका सुरू होतो. पडद्यावर श्रेयनामावली चालू असताना मेई किडेमुंग्यांच्या सोबतीने त्या ठेक्यावर पावले टाकत जाते. या गाण्यात तोतोरोचे नावसुद्धा नाही. कथेशी कसलाच करार नसल्यामुळे ते चित्रपटातून सहज सुटून निघाले आणि जपानच्या बालवाड्यांत, सहलींत, शाळेच्या कार्यक्रमांत जाऊन बसले. ते चित्रपटातले आहे हे कळायच्या आधीच अनेक मुलांना ते पाठ झालेले असते.

शेवटच्या गाण्याचे शब्द मियाझाकींचे आहेत आणि ते याच्या अगदी उलट, कथेत पुरते बुडालेले आहे. वाटेवर कुणी गुपचूप पेरलेली बी, तिला फुटलेला कोंब, पावसात बसथांब्यावर भिजत उभे असलेले भूत, त्याच्यावर धरलेली छत्री हे सगळे त्यात येते. ध्रुवपदात तोतोरोचे नाव पुन्हा पुन्हा घेतले जाते, म्हणून ते न शिकवता तोंडी बसते. गाणे चालू असताना श्रेयनामावलीच्या चित्रांत आई घरी परतलेली दिसते. कथेचा खरा शेवट संवादात कुठेच नाही; तो या गाण्यावर सोडला आहे.

पार्श्वसंगीतात वाद्यवृंद आणि सिंथेसायझर यांचा मेळ आहे. हिसाईशी मूळचे मिनिमल संगीताकडचे, म्हणजे छोटासा स्वरसमूह किंचित फरक करत पुन्हा पुन्हा वाजवण्याच्या पद्धतीचे. बहिणी पावसात वडिलांची वाट पाहतात त्या बसथांब्याच्या प्रसंगात ही शिस्त दिसते. तिथे आधी केवळ पाऊस ऐकू येतो. तोतोरो शेजारी येऊन उभा राहिल्यावर संगीत येते, तेही विरळ. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाजच तोतोरोला भारी आवडतो, आणि संगीत त्या आवाजाच्या आड येत नाही. ‘काझे नो तोओरिमिची’ (वाऱ्याची वाट) ही धून जंगलाची आणि प्रचंड कापूरवृक्षाची. इमेज अल्बममध्ये ती मियाझाकींच्या शब्दांसह सुगिनामी बालगायकवृंदाने गायिली होती. चित्रपटात तिचे शब्द गळले. प्रस्तुत नोंदकाराच्या मते या संगीतातली सर्वांत टिकाऊ रचना हीच.

काही संगीत पात्रेच निर्माण करतात. काजळीच्या गोळ्यांना बाहेर बोलावण्यासाठी बहिणी तालावर दटावणी देतात, आणि रात्री झाडाच्या शेंड्यावर बसून तोतोरोंसोबत ओकारिना हे मातीचे फुंकवाद्य वाजवतात.

प्रथम प्रदर्शनात चित्रपटाला फार गर्दी झाली नाही. लोकप्रियता पुढे दूरचित्रवाणीमुळे आली आणि गाणी तिच्याबरोबर पसरली. कथेचा परिसर तोकियोजवळच्या सायामा टेकड्यांवरून सुचलेला, म्हणून तिथल्या तोकोरोझावा स्थानकावर गाडी सुटताना या चित्रपटातली चाल वाजते. २००२ मध्ये हिसाईशींनी निवेदनासह वाद्यवृंदाची आवृत्ती केली. तीत कथा सांगता सांगता मुलांना वाद्यांची ओळख होते. निवेदन वडिलांच्या पात्राला आवाज देणारे शिगेसातो इतोई यांचे आहे. ऑगस्ट २००८ मध्ये तोकियोच्या बुदोकान सभागृहात सुमारे २०० वादक आणि ८०० गायकांनी मियाझाकींच्या चित्रपटांचे संगीत सादर केले, त्यात तोतोरोची गाणीही होती. २०२२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनी या ब्रिटिश नाट्यसंस्थेने लंडनच्या बार्बिकन रंगमंदिरात कथेचे नाट्यरूप आणले. हिसाईशी त्याचे कार्यकारी निर्माते असून वादक रंगमंचावरच, झाडांच्या शेंड्यांमध्ये बसवलेले आहेत. २०२३ मध्ये त्याला ब्रिटिश रंगभूमीचे सहा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले. भारतात हा चित्रपट फेब्रुवारी २०२० पासून नेटफ्लिक्सवर आला. इंग्रजी आवृत्तीत गाण्यांचे शब्दही इंग्रजी आहेत. ऐकायचेच तर मूळ जपानी ऐकावे, कारण चाल त्या शब्दांच्या मापाने बेतलेली आहे.