४ जुलैला सह्या झाल्याच नव्हत्या

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ४ जुलै १७७६ रोजी सह्या झाल्या, असं सहावी-सातवीच्या मुलांना आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. ते चुकीचं आहे.

फिलाडेल्फियात भरलेल्या काँग्रेसने, म्हणजे तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ब्रिटनपासून वेगळं होण्याचा ठराव संमत केला तो २ जुलैला. दुसऱ्याच दिवशी त्यातले एक प्रतिनिधी जॉन ॲडम्स यांनी पत्नी ॲबिगेल यांना लिहिलं की पुढच्या पिढ्या २ जुलै हा दिवस सणासारखा साजरा करतील! ४ तारखेला मंजूर झाला तो फक्त मजकूर. जॉन डनलॅप यांच्या छापखान्यातून लगेच प्रती निघाल्या. त्यांवर नावं दोनच होती, काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन यांची, आणि तीही छापलेली. चर्मपत्रावर सुवाच्य प्रत लिहून घ्यायचं ठरलं १९ जुलैला. बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टच्या, काहींच्या त्यानंतरच्या. एकूण ५६.

जॉन ट्रंबुल यांचं प्रसिद्ध चित्रही सह्यांचं नाही. त्यात पाच जणांची समिती मसुदा सादर करते आहे.

मला वाटतं, तारखा घोकून घेण्याऐवजी छापील प्रत आणि चर्मपत्राचं छायाचित्र मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवावं. शीर्षकांतला फरक त्यांनाच शोधू द्यावा. चर्मपत्रावर तेरा राज्यांच्या ‘एकमताचा’ उल्लेख आहे, छापील प्रतीत तो नाही. कारण न्यूयॉर्कने २ जुलैला मतच दिलं नव्हतं. त्यांनी संमती दिली ती ९ जुलैला.