जलपर्यावरणाचे हवाई प्रतिमा-वर्णपटमापन

विमानातून जलपृष्ठाची प्रतिमा घेताना तिच्या प्रत्येक पिक्सेलसाठी अरुंद व सलग तरंगलांबी-पट्ट्यांतील वर्णपट नोंदविण्याचे तंत्र. सरोवरे, खाड्या, नदीमुखे व प्रवाळभित्ती यांच्या सुदूर संवेदनात ते वापरतात.

तंत्राचा उगम सामान्यतः १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मानतात. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या आरंभीच्या उपकरणांचा रोख मुख्यत्वे खनिजांवर होता. ४०० ते २,५०० नॅनोमीटर एवढा पल्ला २२४ पट्ट्यांत टिपणारे ‘ॲव्हिरिस’ हे विमानातील उपकरण त्याच परंपरेतले. जलसंशोधनापुरता विचार केल्यास मात्र कॅनडात त्याच सुमारास तयार झालेल्या अनुस्फुरण-रेषा प्रतिमाग्राहकाला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण ६८५ नॅनोमीटरजवळचे हरितद्रव्याचे क्षीण अनुस्फुरण (शोषलेला प्रकाश दीर्घतर तरंगलांबीवर पुन्हा बाहेर टाकणे) टिपणे हाच त्याचा मूळ हेतू होता.

शैवलयुक्त पाण्याच्या वर्णपटात ७०० नॅनोमीटरच्या आसपास दिसणाऱ्या शिखराच्या कारणाबद्दल मतभेद झाले. एका मतानुसार ते अनुस्फुरणाचेच शिखर होय. दुसऱ्या मतानुसार, ६७५ नॅनोमीटरनंतर हरितद्रव्याचे शोषण झपाट्याने घटते आणि ७०० च्या पुढे खुद्द पाण्याचे शोषण चढत जाते. या दोहोंच्या मधल्या खळग्यात एकूण शोषण किमान असल्याने कणांनी मागे प्रकीर्ण केलेला (विखुरलेला) प्रकाश तेथे उठून दिसतो. हरितद्रव्य वाढते तसे हे शिखर दीर्घ तरंगलांबीकडे, ७१० च्याही पुढे सरकते, तर अनुस्फुरणाचे स्थान जवळजवळ स्थिर असते. त्यामुळे दाट शैवलाच्या पाण्यासाठी दुसरे मत ग्राह्य वाटते. विरळ शैवलाच्या पाण्यात अनुस्फुरणाचा वाटा नाकारता येत नाही. नील-हरित शैवले ओळखण्यासाठी ६२० नॅनोमीटरजवळचे फायकोसायनिन या त्यांच्यातील रंगद्रव्याचे शोषण पाहतात.

संवेदकापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून वर आलेला भाग अल्प असतो. उरलेला बहुतांशी वातावरणाने प्रकीर्ण केलेला किंवा पृष्ठावरून परावर्तित झालेला असतो. उड्डाणरेषा सूर्यदिशेला आडवी गेल्यास प्रतिमापट्ट्याची एक कड चकाकीने पांढरी पडते व दुसरी काळवंडते. म्हणून विमान शक्यतो सूर्याच्या दिशेने अथवा त्याच्या नेमके विरुद्ध नेतात. स्वच्छ, खोल पाण्यातून निकट अवरक्त प्रकाश जवळजवळ येतच नाही, असे धरून उरलेली चकाकी वजा करतात. गढूळ खाडीत गाळ तोच प्रकाश परत पाठवीत असल्याने हे गृहीत टिकत नाही.