पोह्यांची बशी आणि दोन तासांचा हिशेब

सकाळी आठला पोह्यांची बशी समोर येते. वर बारीक शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर, चिमूटभर जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला. गरोदरपणाचा सातवा-आठवा आठवडा चालू असलेली सूनबाई चार चमचे खाते, बशी बाजूला सरकवते आणि म्हणते, "राहू द्या आई, थोड्या वेळानं खाते." सासूबाई वर ताटली झाकून ठेवतात. साडेदहाला पुन्हा दोन चमचे. उरलेले बारा वाजता. इंदूरच्या मराठी घरांत हे रोज चालतं आणि त्यात कुणाचं काही चुकतंय असं वाटतही नाही, कारण डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं: एकदम पोटभर नको, थोडं थोडं खा.

सल्ला बरोबर आहे. पण दुसरा नियमही तितकाच बरोबर आहे: शिजवलेलं ओलसर अन्न दोन तासांहून जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये, आणि इंदूरच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा चाळिशीपार असताना, एका तासाहून जास्त नाही. मळमळीचं पथ्य एका कागदावर लिहून मिळतं, जंतूंचं दुसऱ्या. घरात मात्र दोन्ही एकाच बशीत पाळायची असतात आणि तिथेच ती एकमेकांना छेद देतात.

आधी मळमळीबद्दल. दहापैकी सात-आठ गरोदर बायकांना ती होते. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्यात सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. 'सकाळची मळमळ' हे नाव फसवं आहे. पुष्कळ जणींना ती दिवसभर असते. कारण म्हणून अनेक वर्षं फक्त एचसीजी या संप्रेरकाकडे बोट दाखवलं जायचं. २०२३ साली 'नेचर'मध्ये मार्लेना फेझो, स्टीफन ओ'राहिली आणि सहकाऱ्यांनी जीडीएफ-१५ या प्रथिनाचा पुरावा मांडला. वार तयार होऊ लागली की हे प्रथिन आईच्या रक्तात वाढतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं. गंमत अशी, की गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी असतं तिला त्रास जास्त. अंगाला सवय नसते ना. बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत ते आधीपासूनच भरपूर असतं, आणि त्यांना गरोदरपणी मळमळ फार क्वचित होते. म्हणजे "मनावर घेऊ नकोस, सगळं मनाचं आहे" हे वाक्य आता घरातून हद्दपार करायला हरकत नाही.

थोडं थोडं खाण्याचं कारण पोटाच्या चालीत आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे जठर सुस्तावतं. ते गच्च भरलं तर अन्न वर येऊ पाहतं. अगदी रिकामं राहिलं तरी मळमळ वाढते. तेलकट पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतात. प्रयोगांत असंही दिसलंय, की तेवढ्याच उष्मांकाच्या पिठूळ किंवा तुपकट खाण्यापेक्षा प्रथिनं असलेल्या खाण्यानं मळमळ जास्त शमते. म्हणून दीड-दोन तासांनी मूठभर, आणि त्यात शेंगदाणे, फुटाणे, मुगाचं धिरडं असं काही. पाणी जेवताना नको. जेवणाआधी-नंतर वीस-तीस मिनिटं सोडून घोट घोट.

आता पुन्हा ती बशी. तांदळात, म्हणून पोह्यांतही, बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. वाफेनं किंवा उकळीनं ते मरत नाहीत. पोहे कोमट झाले की ते जागे होतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंचा आवडता पट्टा, आणि अनुकूल उबेत बरेच जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दोन तासांत एकाचे ६४, चार तासांत ४,०९६. या जंतूच्या काही जाती वाढताना एक विष सोडतात. ते उष्णतेला इतकं दाद देत नाही, की नंतर कढईत कितीही परता, तसंच राहतं. त्या विषानं एक ते सहा तासांत उलट्या होतात, बहुधा तापाशिवाय. गरोदर बाईला अशी उलटी झाली तर घरात कोण म्हणणार, की बाराला खाल्लेल्या पोह्यांनी झाली? "डोहाळे कडक आहेत" म्हणून विषय संपतो. भाताचंही हेच, म्हणून सकाळचा भात दुपारी चारला ओट्यावरून उचलून फोडणीचा भात करणं या दिवसांत तरी टाळावं.

उपाय साधा आहे, पण तो पहिल्या घासाआधी करायचा. पोहे कढईतून उतरल्याबरोबर तीन लहान डब्यांत वाटा. एक खायला. उरलेले दोन वाफ जिरली की, फार तर तासाभरात, झाकण लावून फ्रिजमध्ये. त्यांत कांदा, कोथिंबीर, लिंबू काहीच नाही. उष्टा चमचा डब्यात जाऊ द्यायचा नाही. पुढच्या वेळी चमचाभर पाण्याचा हबका मारून वाफ निघेपर्यंत गरम करायचं आणि कांदा तेव्हाच ताजा चिरायचा. एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रिजमध्ये नको. भात असेल तर परातीत पसरून निववा. खोल पातेल्यातला भात मधोमध कित्येक तास कोमट राहतो.

याहून सोपं म्हणजे उशाशी कोरडं खाणं ठेवणं. जंतूंना वाढायला पाणी लागतं, आणि परमल (कुरमुरे), फुटाणे, टोस्ट, राजगिऱ्याचा लाडू यांत ते इतकं कमी असतं की तिथे काहीच वाढत नाही. डबा दिवसभर उघडझाप झाला तरी बिघडत नाही, फक्त मऊ पडतो. पहाटे डोळा उघडल्यावर, उठून बसण्याआधी, दोन टोस्ट किंवा मूठभर परमल चावून खावेत आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाय खाली टाकावेत. इंदूरची तिखट शेव त्यात मिसळू नये. लवंग-मिरीची शेव रिकाम्या पोटी जळजळ वाढवते.

दुसरा पेच फोडणीच्या वासाचा. गरम अन्नाचा वास सहन होत नाही, म्हणून थंड खा असं सांगितलं जातं. पण थंड म्हणजे फ्रिजमधलं, आणि लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या चार अंशांतही हळूहळू वाढत राहतो. गरोदर बाईला त्याची बाधा होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दसपट असते. तिला नुसती कणकण येते, पण गर्भाला धोका होतो. आणि लक्षणं कधी कधी खाल्ल्यानंतर काही आठवड्यांनी दिसतात. थंडच हवं असेल तर तापवलेल्या दुधाचं घरी विरजलेलं दही, ताजा दहीभात, आपण स्वतः सोललेलं केळं किंवा मोसंबं. फ्रिजमधलं उरलेलं चोवीस तासांच्या आत आणि गरम करूनच. सुटं पनीर कच्चं नको, भाजीत शिजवलेलं चालेल. पाकिटाचं दूध पाश्चराइज्ड असतं; गवळ्याचं दूध मात्र वर येईपर्यंत तापवून, आच मंद करून आणखी एक-दोन मिनिटं उकळू द्यावं.

मराठी घरातला एक 'पौष्टिक' धोका वेगळा सांगायला हवा: कच्ची मोड आलेली मटकी. ओल्या फडक्यातली ऊब नि दमटपणा मटकीला लागतो तसाच साल्मोनेलालाही. जंतू बियांच्या भेगांत असतात, त्यामुळे धुऊन ते जात नाहीत. उसळ करा, पूर्ण शिजवा, मग हवी तितकी खा. कोशिंबिरीत कच्ची घालू नका. अंडंही बलक घट्ट होईपर्यंत. मटण आतून गुलाबी नको आणि भाजीची माती नीट धुतलेली हवी; या दोन्हींत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा प्रश्न असतो. पिकलेल्या पपईला मात्र उगाच बदनाम केलंय. आक्षेप आहे तो कच्च्या पपईच्या चिकाला.

सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं की नाही? अगदी बंदी घालण्याचं कारण नाही. तव्यावरून थेट द्रोणात येणारा भुट्ट्याचा कीस, कढईतून काढलेला गराडू (तळलेला कंद), उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर गरम ठेवलेले पोहे, यांत उष्णता आपलं काम करते. धोका वरून पडणाऱ्या वस्तूंत असतो: चिरून ठेवलेला कांदा, पातळ हिरवी चटणी, बर्फ, पानीपताशांचं पाणी. इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. ती आटवलेल्या दुधाची, ड्रायफ्रूट घातलेली. ती किती वेळ कशी ठेवली होती हे गाडीवर कळत नाही, म्हणून तूर्त नको. आणि रात्री अकराला खाऊन लगेच आडवं पडलं, तर छातीत जळजळ होऊन पहाट वाईट जाणार, ते वेगळंच.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात, पण गंभीर. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं आणि पुष्कळ भागांत एक दिवसाआड सुटतं. नळ बंद असताना पाइपातला दाब जातो आणि एखाद्या सांध्याला गळती असेल तर शेजारचं घाण पाणी आत झिरपतं. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटं पाणी पिण्यासाठी भरू नये. हिपॅटायटिस ई हा पाण्यातून पसरणारा विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जीवघेणा ठरू शकतो. पाणी खळखळ उकळायला लागल्यावर आणखी एक मिनिट उकळलं की पुरे. वीस मिनिटं गॅस जाळण्याची गरज नाही. ते झाकून ठेवा आणि ओगराळ्यानं काढा, पेला बुडवू नका.

उलट्यांनी पाणी कमी पडत असेल तर ओआरएस: अख्खं पाकीट एक लिटरमध्ये, अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजानं टाकू नका. जास्त झालं तर उलट अपाय. दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, एवढ्याच गतीनं, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लानं मऊ झालेलं दातांचं कवच ब्रशनं झिजतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं.

आलं खरंच उपयोगी आहे. चाचण्यांत दिवसाला सुमारे एक ग्रॅम सुंठ, तीन-चार वेळांत विभागून, दिली गेली. म्हणजे अर्धा सपाट चमचा दिवसभरात. आलेपाकात साखरच जास्त. त्यानं भागलं नाही तर डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन (ब-६ जीवनसत्त्व) यांची जोडगोळी डॉक्टर देतात. ती रात्री झोपताना घ्यायची, कारण परिणाम उशिरा सुरू होऊन सकाळपर्यंत पोचतो. गोळी चुरडायची नाही, आणि झोप येते हे धरून चालायचं. थॅलिडोमाइड या पूर्वी मळमळीवर दिल्या जाणाऱ्या औषधाच्या आठवणीनं घरातली मोठी माणसं अजून औषधाला बिचकतात. ही भीती पोकळ नव्हे. ते औषध १९६१ मध्ये बाजारातून उठेपर्यंत हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. पण डॉक्सिलामिनच्या जोडीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ती १९८३ मध्ये खटल्यांमुळे बंद झाली, पुढे तपासण्यांत सुरक्षित ठरली आणि २०१३ मध्ये परत आली. ऑन्डॅनसेट्रॉन हे उलटीवरचं दुसरं औषध मात्र दुकानातून स्वतःहून आणू नये.

फोलिक ॲसिड सोडायचं नाही. सकाळी टिकत नसेल तर रात्री घ्या. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढते, आणि आपल्याकडे ती तशीही चौथ्या महिन्यापासून सुरू करतात.

डोहाळे आणि दुखणं यांतला फरक असा पाहावा: ताप, जुलाब, पोटात कळा, किंवा तेच खाल्लेल्या घरातल्या आणखी कुणालाही त्रास, तर अन्न वा पाणी बाधलंय. मळमळ नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाली तर दुसरं कारण शोधावं लागतं. चोवीस तास घोटभर पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी नसेल किंवा ती गडद होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, उलटीत रक्त असेल, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, किंवा वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ५५ किलोच्या बाईचं पावणेतीन किलो, तर त्याच दिवशी दवाखाना. वजन मोजायचं तर आठवड्यातून दोनदा, एकाच काट्यावर, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर. तारखेसह लिहिलेले ते आकडे आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत न्यावी. डॉक्टर आधी तेच विचारतात.